उंबऱ्याच्या आतली साक्ष

आमच्या वाचनालयाच्या वाचक मंडळात गेल्या महिन्यात एक वाद झाला. तो ज्या पद्धतीने झाला, त्याचं मला अजून वाईट वाटतं. विषय होता डोमेस्टिक सस्पेन्सचा, म्हणजे ज्यांत रहस्य घरातच असतं आणि संशय नवऱ्यावर, बायकोवर, सासूवर नाही तर शेजारणीवर असतो, अशा कादंबऱ्यांचा. एका ज्येष्ठ सभासदांनी सुरुवातीलाच निकाल देऊन टाकला: हे लोकलमध्ये वाचायचं आणि उतरताना डब्यातच विसरायचं साहित्य, शेवटी एक धक्का असतो, तो कळला की पुस्तकात काही उरत नाही. वकिलीचं शिकणाऱ्या एका मुलीने दुसऱ्याच बाजूने हल्ला चढवला. तिच्या मते ही पुस्तकं नुसती टाकाऊ नाहीत, घातक आहेत, कारण त्यांत बाईला एक तर मारून टाकतात, नाही तर वेडी किंवा खोटारडी ठरवतात. उरलेल्यांनी या पुस्तकांची बाजू घेतली खरी, पण इतकी लंगडी की त्यापेक्षा विरोध परवडला: ‘विरंगुळा म्हणून वाचलं तर काय बिघडलं?’ दीड तास हे चाललं. कथेतले मृतदेह मोजून झाले, धक्के मोजून झाले, खपाची चर्चा झाली. गोष्ट सांगतंय कोण आणि त्या सांगणाऱ्यावर घरातलं कोण विश्वास ठेवतंय, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या कादंबऱ्यांचा खरा विषय साक्ष हा आहे. चार भिंतींच्या आत जे घडतं ते पाहिलं कोणी, सांगायचं कोणी, आणि सांगितलं तर ते खरं मानायचं की नाही हे ठरवणार कोण, एवढ्याच प्रश्नाभोवती हा प्रकार गेली दीडशेहून अधिक वर्षं फिरतो आहे. म्हणून त्यातलं निवेदनाचं तंत्र बाजूला काढून आशयावर बोलता येत नाही, आणि आशय वगळून तंत्राला ‘चलाखी’ म्हणून मोडीतही काढता येत नाही. पुढे काही कादंबऱ्यांची रहस्यं मी फोडणार आहे. त्याला इलाज नाही.

‘डोमेस्टिक सस्पेन्स’ हे नाव वाचकांच्या तोंडी रुळलं ते अलीकडे. 2012 साली गिलियन फ्लिनची ‘गॉन गर्ल’ आली, पुढच्याच वर्षी सारा वाइनमन या संपादिकेने विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या, विसरल्या गेलेल्या अमेरिकन लेखिकांच्या अशा कथांचं संकलन काढलं, 2015 मध्ये पॉला हॉकिन्सची ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ जगभर वाचली गेली. त्यामुळे ही आजकालची टूम आहे असं अनेकांना वाटतं. पण विल्की कॉलिन्सची ‘द वूमन इन व्हाइट’ डिकन्सच्या साप्ताहिकातून 1859-60 मध्ये क्रमशः येत होती, आणि तिच्या पहिल्याच पानांवर निवेदक सांगून ठेवतो की कोर्टात गुन्ह्याची हकीकत जशी अनेक साक्षीदारांच्या तोंडून येते, तशीच ही गोष्ट अनेक हातांनी लिहिलेली असेल. म्हणजे या घराण्याच्या मूळ पुरुषानेच वाचकाला पंचांच्या खुर्चीत बसवलं होतं.

त्या कादंबरीतला एक प्रसंग मला कधीच विसरता येत नाही. नवरा बायकोसमोर एक कागद ठेवतो. कागद घडी घातलेला, मजकूर घडीच्या आत, वर फक्त सहीपुरती जागा. ‘इथे सही कर.’ काय लिहिलंय हे वाचू द्या, मग करते, असं ती म्हणते, आणि एवढ्यावरून तो पेटतो. खून नाही, रक्त नाही, दार बंद झाल्याचा आवाजसुद्धा नाही. तरी अंगावर काटा येतो. आपल्याकडे बँकेच्या फॉर्मवर, सातबाऱ्यावरच्या हक्कसोडपत्रावर, कसल्या तरी जामीनपत्रावर बोट ठेवलेल्या जागी सही केलेल्या किती बायका आपण ओळखतो? त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागेल का? इंग्लंडात तेव्हा लग्न झालेल्या बाईची मालमत्ता कायद्याने जवळजवळ पूर्णपणे नवऱ्याच्या हाती होती. हे बदलणारे मोठे कायदे 1870 आणि 1882 साली आले. कॉलिन्सने कायद्याची ती बाजू भाषण ठोकून मांडली नाही. एका घडीच्या कागदात ठेवली.

याच कादंबरीत त्या बायकोची, लॉराची, मॅरियन नावाची सावत्र बहीण रोजनिशी लिहिते, आणि पुस्तकाचा मोठा भाग आपण तिच्या डोळ्यांनी पाहतो. एका रात्री पावसात छपरावर दबा धरून ती खलनायकांचं बोलणं ऐकते, भिजते, तापाने फणफणते. रोजनिशीतली अक्षरं वेडीवाकडी होत जातात, थांबतात. आणि त्याच वहीत पुढचा मजकूर येतो तो खलनायकाच्या हातचा. काउंट फॉस्कोने ती सगळी वाचली आहे आणि खाली सभ्य शब्दांत तिचं कौतुक लिहून ठेवलं आहे! एका बाईच्या सर्वांत खाजगी जागेत परका पुरुष शिरला, हे दाखवायला लेखकाला तिच्या अंगाला हात लावावा लागला नाही. वही बदलली नाही, कागद बदलला नाही, हस्ताक्षर बदललं. निवेदन कोणाच्या हातात आहे हाच आशय होतो तो असा. आणि जिच्यावर सर्वांत मोठा अन्याय झाला, जिला दुसऱ्याच बाईच्या नावाने वेड्यांच्या इस्पितळात टाकलं आणि जिच्या नावाचं थडगं बांधलं, त्या लॉराला अख्ख्या कादंबरीत स्वतःचं निवेदनच नाही. सगळे तिच्याबद्दल साक्ष देतात. कॉलिन्सला हे किती जाणीवपूर्वक साधायचं होतं ते मला ठरवता येत नाही, पण ती रिकामी जागा वाचताना बोचते.

आता ‘लोकलमधलं साहित्य’ या आक्षेपाकडे येते. तो नवा नाही. 1863 साली हेन्री मॅन्सेल या विद्वानाने ‘क्वार्टरली रिव्ह्यू’मध्ये त्या काळच्या सनसनाटी कादंबऱ्यांवर दीर्घ लेख लिहिला. ही पुस्तकं बुद्धीला आवाहन न करता मज्जातंतूंना चिथवतात, यांना कारखान्याचा आणि दुकानाचा वास येतो, रेल्वे स्टेशनावरच्या स्टॉलसाठी ती लिहिली जातात, असा त्याचा रोख. आमच्या सभासदांनी हा लेख वाचला असण्याची शक्यता कमी, पण शब्द जवळपास तेच होते. गंमत बाजूला ठेवून मी मान्य करते की मॅन्सेलचा अर्धा मुद्दा आजही खरा आहे. ‘गॉन गर्ल’ खपल्यावर शीर्षकात ‘गर्ल’ असलेल्या पुस्तकांची रांग लागली. मुखपृष्ठावर पाठमोरी बाई, एक उजळलेली खिडकी, आत ‘शेवटच्या पानाचा धक्का’ अशी जाहिरात. बरीचशी पुस्तकं साच्यातून काढलेली आहेत, आणि त्यांची भलामण करण्याची मला इच्छा नाही. पण मॅन्सेलने त्याच लेखात एक गोष्ट अचूक पकडली होती: या कथांचा धसका बसतो तो त्या आपल्या जवळ घडतात म्हणून. त्याला तो दोष वाटला. भीतीला दूरच्या किल्ल्यातून आणि पडक्या मठातून उचलून शेजारच्या दिवाणखान्यात आणणं हा दोष कसा? संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आणि गुन्हे कार्यालयाच्या अहवालानुसार 2017 साली जगभरात सुमारे 87,000 स्त्रियांची हत्या झाली, आणि त्यांतल्या सुमारे 50,000 जणींना मारणारा जोडीदार किंवा घरातलाच माणूस होता. अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी खुन्याच्या गोष्टींना आपण वास्तववादी म्हणायचं आणि स्वयंपाकघरातल्या भीतीला सनसनाटी, हे कोणत्या हिशेबाने?

त्या विद्यार्थिनीचा आक्षेप मात्र याहून कितीतरी वजनदार आहे, आणि त्याला उडवून लावणाऱ्यांशी माझं जमत नाही. ब्रिटनमध्ये 2018 साली एक पारितोषिक सुरू झालं. ज्या थरारकादंबरीत कोणत्याही बाईला मारहाण होत नाही, तिचा पाठलाग होत नाही, लैंगिक अत्याचार वा खून होत नाही, अशाच पुस्तकाला ते द्यायचं होतं. त्यावर गुन्हेकथा लिहिणाऱ्या अनेक लेखिकाच चिडल्या: हिंसा होते आहे तोवर आम्ही लिहिणार. दोन्ही बाजूंनी हिंसेच्या प्रमाणावर वाद घातला. माझ्या विद्यार्थिनी मैत्रिणीचा मुद्दा त्याच्याही पुढचा आहे. ती म्हणाली, ‘मावशी, मला मारहाणीच्या प्रसंगांचा त्रास नाही. निवेदिका खोटं बोलते किंवा तिला धड आठवत नाही, आणि वाचक शेवटी म्हणतो, अरे, हिच्यावर विश्वास ठेवायलाच नको होता. हीच सवय घेऊन तो वाचक उद्या कोर्टात जातो, पोलीस चौकीत जातो, सासरच्या बैठकीत बसतो.’ याला पटकन उत्तर नाही. ‘गॉन गर्ल’मध्ये तर नायिका नवऱ्याला अडकवण्यासाठी पद्धतशीर खोटी रोजनिशी लिहून ठेवते आणि आयुष्यात अत्याचाराचे खोटे आरोपही करते. खोट्या तक्रारींचा बाऊ करून खऱ्या तक्रारी दडपणाऱ्यांना हे पुस्तक दाखला म्हणून वापरता येतं. येतं, हे मी कबूल करते.

तरीही तिचा निष्कर्ष मला पटत नाही, कारण ‘अविश्वसनीय निवेदिका’ या एका शब्दात तिने दोन अगदी वेगळ्या बायकांना कोंबलं. एक खोटं बोलणारी. दुसरी, जिला खोटी ठरवलं गेलं. या प्रकारातली उत्तम पुस्तकं बहुतेक वेळा दुसरीची गोष्ट सांगतात. ‘द गर्ल ऑन द ट्रेन’मधली रेचल दारू पिते, तिला रात्रीच्या रात्री आठवत नाहीत. तू माझ्यावर गोल्फची काठी घेऊन धावलीस, भिंतीला पडलेलं हे खोक बघ, असं तिला नवऱ्याने सांगितलं आहे आणि तिने ते मानलंही आहे. पण तो प्रसंग आठवायचा प्रयत्न केला की तिच्या अंगात राग येत नाही, भीती येते. मारणाऱ्याला भीती कशी वाटेल? या एका विसंगतीच्या धाग्याने ती सत्यापर्यंत जाते. तिच्या स्मृतीतल्या रिकाम्या जागा दारूने केल्या, पण त्या भरल्या नवऱ्याने. ही कादंबरी वाचून ‘बाईवर विश्वास ठेवू नये’ हा धडा कोणी घेत असेल तर त्याने पुस्तक मिटण्यापूर्वीच मत बनवलं होतं.

याचं मूळ 1938 सालच्या पॅट्रिक हॅमिल्टनच्या ‘गॅस लाइट’ या नाटकात आहे, ज्याच्या नावावरून आलेला ‘गॅसलाइटिंग’ हा शब्द (म्हणजे एखाद्याला स्वतःच्याच जाणिवेवर शंका घ्यायला लावणं) आज मराठी वर्तमानपत्रांतसुद्धा जसाच्या तसा वापरतात. शब्द सगळ्यांना माहीत, त्यामागची यंत्रणा फार थोड्यांना. नवरा रोज रात्री बाहेर जातो असं दाखवून मागच्या वाटेने त्याच घराच्या बंद वरच्या मजल्यावर जातो आणि तिथे दिवा लावून दडवलेली माणकं शोधतो. घरातल्या नळीत गॅस तेवढाच. वर दिवा लागला की खालच्या खोलीतली ज्योत उतरते. बायको खाली बसून हे पाहते. तो गेल्यावर थोड्या वेळाने दिवे मंद होतात, तो परत येण्याआधी पुन्हा उजळतात. म्हणजे वेडी ठरवली जाणारी ही बाई त्या घरातली सर्वांत नेमकं निरीक्षण करणारी व्यक्ती आहे! तिच्याकडे पुरावा आहे, वेळेची नोंद आहे, कार्यकारणभावाचा अंदाजसुद्धा आहे. नाही ते एकच, हो म्हणणारा दुसरा माणूस. नाटकात तो येतो निवृत्त पोलीस अधिकाऱ्याच्या रूपाने, आणि इथे माझ्या मैत्रिणीला एक गुण द्यावाच लागेल: बाईचं म्हणणं खरं ठरायला बाहेरच्या पुरुषाचा शिक्का लागला. नंतरच्या लेखिकांनी हळूहळू तो अधिकारी गोष्टीतून काढून टाकला, आणि त्याच्या जागी वाचकाला बसवलं. पडताळणी आता आपण करायची. सवय लागायचीच असेल तर ती ही लागते, एका बाईचं अडखळतं बोलणं तीनशे पानं धीराने ऐकून घेण्याची. कोणत्या चौकीत एवढा वेळ मिळतो?

आणि ‘गॉन गर्ल’? तिथे माझी भूमिका थोडी डगमगते, ते लपवत नाही. मला ते पुस्तक आवडत नाही, पण त्याची ताकद कळते. त्यातली खोटी रोजनिशी चालते, कारण घाबरलेली, सोशिक, प्रेमळ, शेवटी मारली गेलेली बायको कशी लिहील हे लिहिणारीला पक्कं ठाऊक आहे. पोलिसांना, टीव्हीवाल्यांना अशीच बळी हवी असते, गोरी, गोड, मेलेली. कॉलिन्सच्या रोजनिशीत खलनायक शिरला होता, इथे रोजनिशीच खलनायिकेने घडवली. दोन्हीकडे प्रश्न तोच: लिहिलेल्या कागदावर आपण विश्वास का ठेवतो? त्याची नक्कल करणाऱ्या पुस्तकांनी हा प्रश्न टाकून दिला आणि फक्त खोटारडी बाई ठेवली. माझ्या मैत्रिणीचा राग त्या पुस्तकांना अगदी योग्य जागी लागतो.

मग चांगलं आणि टाकाऊ वेगळं करायचं कसं? मी एक साधी कसोटी वापरते: रहस्य कळल्यावर पुस्तक पहिल्यापासून पुन्हा वाचायचं. आधीची वाक्यं आता नुसती खोटी निघाली, तर लेखकाने फसवलं. ती वाक्यं खरीच राहिली आणि फक्त त्यांचा अर्थ उलटला, तर निवेदिकेने जे पाहिलं तेच सांगितलं होतं, आणि आपणही तिच्याबरोबर चुकीचा अर्थ लावला होता. लपवणं आणि फसवणं यांत हा फरक आहे. डॅफ्ने ड्यू मॉरिएच्या ‘रेबेका’मध्ये (तीही 1938चीच) हवेलीत आलेली दुसरी बायको सगळं अचूक टिपते. नवरा पहिल्या बायकोचा विषय निघाला की गप्प होतो. समुद्राकडच्या त्या छोट्या घराजवळ गेलं की त्याचा चेहरा बदलतो. यातलं एकही निरीक्षण चूक नाही. तो तिला विसरू शकत नाही, हेही खरं. तिला वाटतं प्रेमामुळे, असतं खुनामुळे. दुसऱ्या वाचनात एक शब्द बदलावा लागत नाही.

‘रेबेका’तला माझा आवडता प्रसंग मात्र खुनाचा नाही. पुस्तकं मांडताना तिच्या हातून चिनी मातीची एक छोटी, किमती मूर्ती फुटते. घराची मालकीण ती. पण ती तुकडे गोळा करते, पाकिटात भरते आणि मेजाच्या ड्रॉवरमध्ये मागे सारून ठेवते, जशी एखादी नवी मोलकरीण ठेवील. पुढे मूर्ती सापडत नाही तेव्हा आळ येतो रॉबर्ट नावाच्या नोकरावर, आणि तिला सगळ्यांसमोर कबूल करावं लागतं. नवरा चिडून म्हणतो की तू मोलकरणीसारखी वागलीस. त्या फुटक्या तुकड्यांत त्या लग्नाचा सगळा हिशेब आहे: घरात कोणाला किती जागा आहे, कोणाच्या शब्दाला वजन आहे, कोण कोणाला घाबरतं. आणि याच प्रसंगामुळे या प्रकारावरचा दुसरा मोठा आक्षेपही मला नाकारता येत नाही. मालकिणीच्या भीतीची गोष्ट आपण चारशे पानं वाचतो, पण चोरीचा आळ आलेल्या रॉबर्टची रात्र कशी गेली ते कोणी लिहीत नाही. डोमेस्टिक सस्पेन्समधलं घर बहुधा खाऊनपिऊन सुखी माणसांचं असतं. ज्या बाईला त्या घरात काम करून रात्री आपल्या घरी परतायचं आहे, तिची साक्ष अजून फारशी नोंदलीच गेलेली नाही. या आक्षेपावर माझ्याकडे प्रत्युत्तर नाही. असं पुस्तक लिहिलं जावं एवढंच म्हणू शकते.

तिसरा आक्षेप वाचक मंडळात कोणी घेतला नाही, पण मला तो सर्वांत छळतो. खऱ्या घरातल्या छळात कलाटणी नसते. तो कंटाळवाणा असतो. तीच शिवी, तीच थाळी फेकणं, तेच ‘तुझ्या माहेरच्यांनी काय दिलं’. शेवटच्या पानावर काही उघड होत नाही, कारण लपलेलं काही नसतंच. मग रहस्याचा साचा या विषयावर लादणं खोटं नाही का? कलाटणीपुरतं बोलायचं तर खोटं आहे. या कादंबऱ्यांचा शेवट हा त्यांचा सर्वांत कमी खरा भाग असतो, हे मी बरीच पुस्तकं वाचून म्हणते. खरेपणा असतो तो मधल्या भागात, जिथे काहीच घडत नाही आणि बाई प्रत्येक गोष्ट दोनदा वाचायला लागते: किल्ली लागल्याचा आवाज, बशी ठेवण्याची पद्धत, फोन घेऊन गॅलरीत जाणं. सीलिया फ्रेमलिनच्या 1958 सालच्या ‘द अवर्स बिफोर डॉन’मध्ये तान्ह्या बाळाची आई आहे. बाळ रात्रभर रडतं, शेजारी तक्रार करतात, घरात नवी भाडेकरीण आली आहे आणि तिच्यात काहीतरी गडबड आहे असं आईला वाटतं. पण आई महिनोन्महिने झोपलेली नाही. न झोपलेल्या बाईच्या संशयाला किती किंमत द्यायची? नवरा देत नाही, आणि भयंकर म्हणजे ती स्वतःही देत नाही. बाळंतपणानंतर ‘तुझं डोकं ठिकाणावर नाही’ हे वाक्य जिने एकदा तरी ऐकलं आहे, तिच्यासाठी ही कादंबरी शेवटावर अवलंबून नाही.

‘आपल्याकडे हे चालणार नाही, चाळीत सगळ्यांना सगळं कळतं,’ असंही त्या दिवशी कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मला हसू आलं नाही. आपल्या भाषेनेच याची तजवीज करून ठेवली आहे. घरोघरी मातीच्या चुली. भांड्याला भांडं लागायचंच. झाकली मूठ सव्वा लाखाची. या म्हणी सल्ला म्हणून दिल्या जातात आणि काम करतात साक्ष दाबण्याचं. 1884 साली रखमाबाईंच्या नवऱ्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, आणि 1887 मध्ये न्यायालयाने सांगितलं की नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. या बाईंनी 1885 मध्ये बालविवाहाबद्दल ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रं लिहिली तेव्हा खाली स्वतःचं नाव घालता आलं नव्हतं, ‘एक हिंदू स्त्री’ एवढंच. आणि 1890 पासून हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’मधून यमूची कहाणी तिच्याच तोंडून सांगायला घेतली. माहेर, सासर, वैधव्य, इच्छेविरुद्धचं केशवपन. त्यात रहस्य नाही, कलाटणी नाही. पण ‘पण लक्षात कोण घेतो?’ हे शीर्षक म्हणजे साक्षीचाच प्रश्न आहे, आणि मराठी कादंबरीच्या पायातच तो आहे. तरीही पुढे आपल्या रहस्यकथा डाकू-गुप्तहेरांच्या मागे घराबाहेर गेल्या, आणि घरातली भीती आपण भुतांच्या हवाली केली. बाळंतपणात मेलेली बाई अळवंत होऊन परत येते, छळून मारलेली सून विहिरीपाशी दिसते. ज्या सुनेने वर्षानुवर्षं मान वर केली नाही, तिच्या अंगात आलं की ती सासऱ्याला अरेतुरे करते, काय काय केलंत ते चारचौघांत बोलून दाखवते, आणि सगळे हात जोडून ऐकतात. देवीचं म्हणून ऐकतात. तिचं म्हणून एक वाक्य ऐकलं नसतं.

कायद्यालासुद्धा ही अडचण उशिरा कळली. घरातल्या गुन्ह्याला साक्षीदार नसतो म्हणून 1983 आणि 1986 मध्ये पुराव्याच्या कायद्यात नवी कलमं घालावी लागली: लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईने आत्महत्या केली आणि छळ सिद्ध झाला, तर तिला प्रवृत्त केलं असं कोर्टाला गृहीत धरता येईल, आणि हुंड्यासाठी छळ झालेल्या सुनेच्या संशयास्पद मृत्यूत छळणाऱ्यानेच हुंडाबळी घेतला असं गृहीत धरावंच लागेल. 2006 साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घराच्या आत गुप्तपणे घडलेल्या गुन्ह्यात घरातल्या माणसांना नुसतं गप्प राहून सुटता येणार नाही, त्यांना खुलासा द्यावा लागेल. माझ्या वकिलीच्या विद्यार्थिनीला हे कलमवार पाठ आहे. मला तिला एवढंच सुचवायचं होतं की घरातल्या गप्प बसण्याला तपासायला लावण्याचं हे काम कादंबरी कायद्याच्या शंभरेक वर्षं आधीपासून करत होती.

चाळीबद्दल मी गप्प बसले त्याचं कारण वेगळं आहे. गिरगावात आम्ही राहायचो तेव्हा आमच्या भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात काका-काकू होते. काकांना विविधभारती फार आवडायची. रात्री उशिराची जुनी गाणी लागली की ते रेडिओ मोठा करायचे, कधीकधी तर इतका की आमच्या फळीवरचे स्टीलचे डबे थरथरायचे. काकू सकाळी नळावर सगळ्यांच्या आधी यायच्या, डोक्यावरून पदर घेऊन. त्या अंधारातच पाणी भरायच्या. मी सात-आठ वर्षांची होते, आणि शाळेत ‘माझे शेजारी’ या निबंधात लिहिलं होतं की आमच्या शेजारच्या काकांना संगीताची आवड आहे. बाईंनी त्याखाली ‘छान’ असा शेरा दिला होता. त्या निबंधातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. काही वर्षांपूर्वी, आई आजारी असताना तिच्या उशाशी बसून मी तिला विचारलं, तुम्हाला कळायचं का पलीकडे काय चालायचं ते? आई बराच वेळ पंख्याकडे बघत होती. मग म्हणाली, ‘कळायचं ना. म्हणून तर आपणही आपला रेडिओ लावायचो. तुझी झोप मोडू नये म्हणून.’